सांगलीचा पिन ४१६४१६: विभाजक ९६ की ७२? आणि साताऱ्याचा ४१५००१ मूळ संख्या आहे का?

हळदीपेठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. २२ डिसेंबरच्या गणित दिनाला शाळेच्या प्रदर्शनात आठवी-नववीच्या मुलांचा एक फलक आहे. एकच मोठी संख्या घ्यायची आणि तिची आतून-बाहेरून तपासणी मांडायची. संख्या गावचीच घेतली आहे, सांगली मुख्य पोस्टाचा पिन ४१६४१६.

आतापर्यंत झालेलं काम: ४१६४१६ ला ७ ने भागलं, ५९४८८ आले. त्याला ११ ने भागलं, ५४०८. त्याला १३ ने, तर ४१६. म्हणजे फिरून पहिल्या तीन अंकांवर. पुढे ४१६ = २ × २ × २ × २ × २ × १३.

अडलंय ते असं:

१) एका गटाने «प्रत्येक घातांकात एक मिळवा आणि गुणा» हा नियम लावून विभाजक ९६ काढले (६ × २ × २ × २ × २). दुसऱ्या गटाने संगणकावर यादी काढली, ती ७२ ची निघाली. कुठलं खरं?

२) ४१६ परत का आला हे दोन ओळींत कसं लिहावं?

३) कागद-पेन्सिलीने पडताळता येईल असं या संख्येत आणखी काय आहे?

४) पाहुणे साताऱ्याचे आहेत, म्हणून कोपऱ्यात त्यांचा ४१५००१ पण घ्यायचा विचार आहे. १०० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून झालं, एकीनेही जात नाही. «मूळ संख्या» असं लिहून टाकू का?

---

कृष्णाकाठ

चौथ्याचं उत्तर आधी: लिहू नका. सविस्तर कुणी साताऱ्याचंच सांगेल. मी पहिले दोन घेतो.

४१६४१६ म्हणजे ४१६ हजार, त्यावर ४१६. म्हणून ४१६ × १००० + ४१६ = ४१६ × १००१. आणि १००१ = ७ × ११ × १३. झाल्या दोन ओळी. आहेराच्या पाकिटात हजारावर एक रुपया का ठेवतात ते भटजींना विचारा, पण गणितात त्या एका रुपयानेच सगळा फरक पडतो: नुसत्या १००० मध्ये २ आणि ५ सोडून काही नाही, १००१ मध्ये एकदम तीन वेगळ्या मूळ संख्या. कुठलीही तीन अंकी संख्या दोनदा सलग लिहा, ७, ११, १३ ने ती जाणारच, आणि तिघांनी भागून झालं की मूळची तीन अंकी संख्या हातात उरणार.

आता ९६ चं. नियम बरोबर आहे, लावला चुकीचा. घातांक मोजायच्या आधी सारखे अवयव एकत्र करायला हवेत. इथे १३ दोनदा आलाय, एक १००१ मधून आणि एक ४१६ मधून. वेगवेगळ्या दारांनी आले म्हणून ते वेगळे पाहुणे होत नाहीत.

४१६४१६ = २^५ × ७ × ११ × १३^२

विभाजक = (५+१)(१+१)(१+१)(२+१) = ६ × २ × २ × ३ = ७२.

९६ वाल्या गटाने १३ साठी चार पर्याय धरले: एकही नाही, पहिला १३, दुसरा १३, दोन्ही. मधले दोन एकच आहेत. ज्या विभाजकांत १३ नेमका एकदा येतो असे ६ × २ × २ = २४ आहेत, ते दोनदा मोजले गेले. ९६ − २४ = ७२. फलकावर ही चूक मुद्दाम दाखवा, नुसतं उत्तर लिहिण्यापेक्षा बघणाऱ्याला जास्त कळेल.

७२ विभाजक एका रांगेत लिहायला गेलात तर दोन-तीन हमखास सुटतात. त्याऐवजी कोष्टक करा. डाव्या बाजूला फक्त विषम विभाजक, ते बारा:

१, ७, ११, १३, ७७, ९१, १४३, १६९, १००१, ११८३, १८५९, १३०१३

वरती सहा रकाने: ×१, ×२, ×४, ×८, ×१६, ×३२. बारा सक बहात्तर, एकही सुटत नाही, एकही दोनदा येत नाही. पडताळाही सोपा. डाव्या रकान्याची बेरीज १७५६८ यायला हवी. वरच्या सहा गुणकांची बेरीज ६३. सगळ्या कोष्टकाची बेरीज १७५६८ × ६३ = ११,०६,७८४. यातून खुद्द ४१६४१६ वजा केली तर ६,९०,३६८ राहतात, म्हणजे स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज संख्येपेक्षा जास्त. अशीला विपुल संख्या म्हणतात. २ चा पाचवा घात आणि वर ७ असल्यावर यात नवल नाही, एक ओळ पुरे.

त्यापेक्षा हे घ्या, आठवीच्या अभ्यासक्रमातलंच आहे: ४१६४१६ ला लहानात लहान कितीने गुणलं की पूर्ण वर्ग होईल? ज्यांचा घातांक विषम आहे ते २, ७, ११. गुणाकार १५४. आणि

४१६४१६ × १५४ = ६,४१,२८,०६४ = ८००८ × ८००८

८००८! म्हणजे पुन्हा ८ × १००१. १५४ ने गुणण्याऐवजी भागलंत तर २७०४ येतात, ५२ चा वर्ग. म्हणून वर्गमूळ नेमकं लिहायचं असेल तर ५२√१५४, साधारण ६४५.३०.

---

देवळाली_पॅसेंजर

तिसऱ्या प्रश्नाला महाराष्ट्रात एकच माणूस आठवावा, द. रा. कापरेकर. जन्म डहाणूचा, १९०५ सालचा, नोकरी देवळालीच्या शाळेत मास्तरकीची. तुमच्या पिनवर त्यांच्या तीन गोष्टी लावून पाहिल्या. तिसरी बघून खुर्ची मागे सरकवावी लागली.

पहिली, हर्षद संख्या. अंकांच्या बेरजेने संख्येला निःशेष भाग जायला हवा. नाव कापरेकरांचंच, हर्ष देणारी ती हर्षद. ४+१+६+४+१+६ = २२. ४१६४१६ ÷ २२ = १८९२८. जातो. आता १८९२८ ची बेरीज २८, आणि १८९२८ ÷ २८ = ६७६. परत जातो. ६७६ ची बेरीज १९, तिथे गाडी थांबते. पण थांबली कुठे? ६७६ म्हणजे २६ चा वर्ग.

पहिला भाग का गेला, ते मुलांकडून काढून घ्या. ४+१+६ = ११, दोनदा म्हणून २२. यातला ११ हा १००१ मध्ये फुकट मिळतो. उरला २, तो ४१६ सम असल्यामुळे मिळतो. म्हणून ज्या सम तीन अंकी संख्येची अंकबेरीज ११ आहे, ती दोनदा लिहिली की हर्षद होणारच. १२८१२८ घ्या: ÷ २२ = ५८२४. दुसऱ्या पायरीला मात्र असं ठराविक कारण नाही, ते या संख्येचं नशीब.

दुसरी, जनक. कापरेकर विचारायचे: अशी कुठली संख्या आहे का, जिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की आपली संख्या येते? जिला असा जनक नाही ती स्वयंभू, तिलाच देवळाली संख्या पण म्हणतात. ४१६४१६ स्वयंभू नाही, तिचा जनक ४१६३८७. ४+१+६+३+८+७ = २९, आणि ४१६३८७ + २९ = ४१६४१६.

शोधताना मुलं ४१६४१५ पासून एकेक मागे जातात आणि कंटाळतात. तसं करू नका. संख्येला आणि तिच्या अंकबेरजेला ९ ने भागल्यावर बाकी एकच राहते. ४१६४१६ ची बाकी ४. म्हणजे जनकाच्या बाकीची दुप्पट ४ यायला हवी, म्हणून बाकी २. सहा अंकांची बेरीज ५४ च्या वर जात नाही. मग अंकबेरीज २, ११, २०, २९, ३८, ४७ यांपैकीच एक असणार. ती ४१६४१६ मधून वजा करून सहा संख्या तपासा, फक्त २९ ला जुळतं. जनक एकच.

तिसरी. ६१७४ चा खेळ सगळ्यांना माहीत असतो: चार अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा, हेच परत परत. सहा अंकांना तोच खेळ लावला तर एकच मुक्काम नाही. दोन स्थिर संख्या आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४, आणि सात संख्यांचं एक चक्र आहे. आता सांगली लावा:

६६४४११ − ११४४६६ = ५४९९४५

एका फटक्यात स्थिर संख्येवर! पडताळा: ९९५५४४ − ४४५५९९ = ५४९९४५. बस, हलत नाही.

कारण असं. अंक मोठ्याकडून लहानाकडे अ, आ, इ, ई, उ, ऊ लावले तर वजाबाकी नेहमी ९९९९९ × (अ−ऊ) + ९९९० × (आ−उ) + ९०० × (इ−ई) एवढीच येते. इथे फरक ५, ५, ०. म्हणजे ४९९९९५ + ४९९५० + ० = ५४९९४५. अंक कुठल्या क्रमाने आले याला काहीच किंमत नाही. १, १, ४, ४, ६, ६ या अंकांच्या ९० मांडण्या होतात, त्या नव्वदच्या नव्वद एका पायरीत इथेच येणार.

साताऱ्याचा ४१५००१ पण फिरवून पाहिला. ५४११०० − ००११४५ = ५३९९५५, मग ६३९९५४, ६५०८४४, ८२०८७२, ८६४४३२, ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४, आणि नवव्या पायरीला ४२०८७६. तिथून पुढे ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि परत ४२०८७६. हेच ते सातांचं चक्र. सांगली पहिल्या पायरीला घरी, सातारा गोल गोल फिरतोय. (पाहुण्यांसमोर हे वाक्य जपून वापरा.)

इथे चूक एकाच जागी होते, शून्यांवर. ४१५००१ मधली दोन शून्यं «किंमत नाही» म्हणून सोडली आणि ५४११ − ११४५ केलं की खेळ चार अंकांचा होतो आणि ६१७४ ला जाऊन पोचतो. प्रत्येक पायरीला सहा अंक मोजून घ्यायचे.

---

अजिंक्यतारा

काय ओ सांगलीकर, कोपऱ्यात होय? बघा मग कोपऱ्यातलं.

आधी चूक. १०० पर्यंत भागून थांबता येत नाही. ६४५ चा वर्ग ४१६०२५, तो ४१५००१ पेक्षा मोठा. म्हणून ६४४ पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बघावं लागतं. तुम्ही केल्या पंचवीस. पंचवीस वर थांबून «मूळ आहे» म्हणणं म्हणजे तिकीट साताऱ्याचं काढून पेठनाक्याला उतरणं. पहिला भाग जातो तो ६१३ ने, आणि ६१३ ही ११२ वी मूळ संख्या आहे. तेवढे भागाकार करायला मुलांना लावलंत तर पुढच्या वर्षी प्रदर्शनाला कुणी यायचं नाही.

दुसरी वाट आहे, फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची. संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत लिहायची:

— वर्गमूळ काढा: साधारण ६४४.२.
— त्याच्या वरची पूर्ण संख्या घ्या: ६४५.
— ६४५ × ६४५ = ४१६०२५. यातून ४१५००१ वजा: १०२४.
— १०२४ पूर्ण वर्ग आहे का? आहे, ३२ चा.

म्हणून ४१५००१ = ६४५^२ − ३२^२ = (६४५ − ३२)(६४५ + ३२) = ६१३ × ६७७.

एकशेबारा भागाकारांचं काम एका वजाबाकीत. जमलं नसतं तर ६४६, ६४७ असं वर चढत जायचं. ही रीत झटपट चालते ती दोन्ही अवयव वर्गमूळाच्या जवळ असतील तेव्हा. अवयव लांब लांब असले, समजा एक ३ आणि दुसरा लाखात, तर हीच रीत भागाकारांपेक्षा हळू पडते. मुलांना «ही जादूची रीत» म्हणून देऊ नका.

६१३ आणि ६७७ दोन्ही मूळ आहेत, २३ पर्यंत भागून खात्री करा (२९ चा वर्ग ८४१, म्हणून त्याच्या वर जायला नको). विभाजक फक्त चार. सांगलीचे बहात्तर, आमचे चार. पण चारांत बघा काय आहे.

६१३ = १८^२ + १७^२, आणि ६७७ = २६^२ + १^२. दोन वर्गांच्या बेरजा आहेत म्हटल्यावर ब्रह्मगुप्ताच्या नावाचं सूत्र लागतं: (क^२ + ख^२)(ग^२ + घ^२) हा गुणाकार स्वतःही दोन वर्गांची बेरीज असतो, तोही दोन तऱ्हांनी. एकदा (कग − खघ) आणि (कघ + खग) घ्यायचे, एकदा चिन्हं उलटी.

क = १८, ख = १७, ग = २६, घ = १.
कग = ४६८, खघ = १७, कघ = १८, खग = ४४२.

पहिली तऱ्हा: ४५१ आणि ४६०. वर्ग २०३४०१ + २११६०० = ४१५००१.
दुसरी तऱ्हा: ४८५ आणि ४२४. वर्ग २३५२२५ + १७९७७६ = ४१५००१.

आता तुमची सांगली दोन वर्गांत बसवून दाखवा. एका तऱ्हेनेही बसायची नाही.

---

कृष्णाकाठ

मान्य, नाही बसत. ४ ने भागल्यावर ३ बाकी राहते अशी मूळ संख्या विषम घातांकाने आली की दोन वर्गांची बेरीज होऊच शकत नाही. सांगलीत ७ आणि ११ अशा दोन-दोन अडचणी आहेत. ६१३ आणि ६७७ ची ४ ने भागून बाकी १, म्हणून सातारा सुटला.

तीन वर्ग चालत असतील तर घ्या: ६३६^२ + १०८^२ + १६^२ = ४०४४९६ + ११६६४ + २५६ = ४१६४१६. शोधायची रीत: १६ बाहेर काढा, २६०२६ राहतात, त्याच्या १५९^२ + २७^२ + ४^२ अशा फोडी पडतात, मग तिघांना ४ ने गुणा.

---

मिरज_जंक्शन

अजिंक्यतारांनी फर्माची रीत फक्त स्वतःच्या गावाला लावली. सांगलीला लावा की.

वर्गमूळ ६४५.३, वरची संख्या ६४६. ६४६^२ = ४१७३१६. वजा ४१६४१६ = ९००. ३० चा वर्ग!

४१६४१६ = ६४६^२ − ३०^२ = ६१६ × ६७६.

दोन्ही पिन पहिल्याच पायरीला फुटले. साताऱ्याला ६४५ आणि ३२, सांगलीला ६४६ आणि ३०. अवयव ६१३ × ६७७ आणि ६१६ × ६७६. ६७६ = २६^२, ६७७ = २६^२ + १. शेजारी जिल्हे शेजाऱ्यासारखेच निघाले.

हे किती दुर्मिळ, त्याचा हिशोब: ६४५ च्या वर्गापासून ६४६ च्या वर्गापर्यंत १२९१ संख्या येतात. त्यात पहिल्या पायरीला फुटणाऱ्या म्हणजे ६४६^२ मधून ०, १, ४, ९... असे ३५ च्या वर्गापर्यंत वजा करून येणाऱ्या, ३६. साधारण छत्तिसात एक. साताऱ्याच्या टप्प्यातही तेच प्रमाण. दोन्ही एकदम होणं साधारण तेराशेत एक. पण फलकावर «तेराशेत एक» छापू नका. आपण इथे पंधरा-वीस गुण तपासून त्यातला चमकला तो उचललाय, आणि एवढं धुंडाळल्यावर काहीतरी चमकायचंच.

पिनमध्ये ४१६ दोनदा आला, त्यामागेही गणित नाही. पहिले तीन अंक टपाल वर्गवारीचा जिल्हा दाखवतात, कोल्हापूरचा ४१६००१ पण ४१६ मध्येच येतो. शेवटचे तीन अंक पोस्ट ऑफिसचे. सांगली ऑफिसला नेमका ४१६ मिळाला, एवढंच. पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासूनची, श्रीराम भिकाजी वेलणकरांनी बसवलेली.

---

हळदीपेठ

सगळ्यांचे आभार, ९६ खोडून त्याच्याशेजारी ७२ लिहिलं, खोडलेलं तसंच ठेवलंय. साताऱ्याला कोपऱ्यातून काढून अर्धा पुठ्ठा दिला.

एक नवा वाद. एका मुलीचं म्हणणं, १ ÷ ४१६४१६ चं दशांश रूप सहा अंकांनी आवर्ती असणार, कारण १/७ चं आवर्तन ६ अंकांचं, १/१३ चं ६, १/११ चं २, आणि लसावि ६. कॅल्क्युलेटरवर ०.०००००२४०१४ एवढंच दिसतं, पुढे कळत नाही. बरोबर आहे का?

---

कृष्णाकाठ

विचार अगदी योग्य, फसवलं परत त्याच दुसऱ्या १३ ने. आवर्तन ७८ अंकांचं आहे.

१/१३ चं आवर्तन ६ आहे याचा अर्थ ९९९९९९ ला १३ ने भाग जातो: ७६९२३. पण इथे छेदात १३ नाही, १६९ आहे. ७६९२३ ला परत १३ ने भागा, ५९१७ वेळा जाऊन २ उरतात. म्हणजे सहा नवांत १३ एकदाच आहे, १६९ मावत नाही. अशा वेळी आवर्तन १३ पट होतं: ६ × १३ = ७८. मग ६, २, ७८ यांचा लसावि ७८.

शिवाय सुरुवातीचे पाच अंक आवर्तनात येत नाहीत, कारण छेदात २^५ आहे. दशांशचिन्हापुढची ती पाच शून्यं. आवर्तन सहाव्या अंकापासून, २४०१४४४७... असं सुरू होतं. कॅल्क्युलेटरच्या दहा-बारा घरांत ७८ अंक कधीच दिसणार नाहीत, इथे लांब भागाकारच हवा. सोय म्हणून ३१२५ ÷ १३०१३ करा, पाच शून्यं सोडून तेच अंक येतात आणि आकडे लहान राहतात. परत बाकी ३१२५ आली की आवर्तन पूर्ण. मध्ये एक बाकी चुकली तर सगळं वाहून जातं, म्हणून दोघींनी वेगवेगळं करून दर दहा अंकांनी ताडून बघा.

त्या मुलीला ०.४१६४१६४१६... पण द्या. ते नुसतं ४१६/९९९, तिथे आवर्तन तीनच अंकांचं निघतं. ५/१२ = ०.४१६६६... शी गल्लत करू नये, तिथे फक्त ६ फिरतो.

---

सोळा_आणे

एक मुद्दा राहिला, फलकाच्या मांडणीचा. वर आलेल्या गोष्टींत दोन जाती आहेत आणि त्या मिसळल्या तर चाणाक्ष पाहुणा तिथेच पकडेल.

२^५ × ७ × ११ × १३^२, ७२ विभाजक, १५४ ने गुणल्यावर पूर्ण वर्ग, दोन वर्गांत न बसणं, ६४६^२ − ३०^२: हे संख्येचे स्वतःचे गुण. ४१६४१६ गोट्यांचा ढीग असला, अंक शोधलेच गेले नसते, तरी हे खरं राहिलं असतं. हर्षद, जनक, ५४९९४५, आवर्तनाची लांबी: हे आपण दहाच्या पटीत लिहितो म्हणून. द्विमान पद्धतीत हीच संख्या ११००१०११०१०१०१००००० अशी एकोणीस अंकी दिसते. ४१६ ची पुनरावृत्ती गायब, पण शेवटची पाच शून्यं म्हणजे तोच २^५. (गंमत: यात एक हा अंक ८ वेळा आहे आणि ४१६४१६ ला ८ ने भाग जातो, म्हणजे द्विमानातही हर्षद. पण तो योगायोग.)

पुठ्ठ्याच्या दोन बाजूंना दोन जाती लावा. १००१ = ७ × ११ × १३ मध्यभागी, कारण तिथेच लिहिण्याची पद्धत आणि अवयव एकमेकांना भेटतात.

छोटी गोष्ट, पण नजरेला लागेल: आपला स्वल्पविराम लावून ४,१६,४१६ लिहिलंत तर सगळी रचना झाकली जाते. पिन पाकिटावर लिहितात तसं तीन अंकांनंतर जागा सोडून ४१६ ४१६ लिहा. त्याच मांडणीत १३ ची कसोटीही दाखवता येते: तीन-तीनचे गट पाडून वजाबाकी करायची. ४१६ − ४१६ = ०, म्हणून ७, ११, १३ तिन्हींनी जाते. १३ ने भागा, ३२०३२ येतात, गट ३२ आणि ०३२, परत ०. परत १३ ने भागा, २४६४. गट २ आणि ४६४, फरक ४६२. ४६२ ला ७ आणि ११ ने भाग जातो, १३ ने नाही. दोन १३ संपले. ९६ वाल्या गटाला हेच करायला लावा.

---

मिरज_जंक्शन

वेळ उरला तर पाहुण्यांसाठी एक कोडं ठेवा: ४१६४१६ दोन वर्गांची वजाबाकी म्हणून किती तऱ्हांनी येते? विभाजकांच्या ३६ जोड्या पडतात म्हणून ३६ सांगितलं तर चूक. जोडीतल्या दोघांची बेरीज आणि वजाबाकी निम्मी करावी लागते, म्हणून दोघेही सम हवेत. १३ × ३२०३२ सारख्या बारा जोड्या गळतात आणि २४ उरतात. सर्वांत आटोपशीर ६४६^२ − ३०^२, सर्वांत लांबट १०४१०५^२ − १०४१०३^२. साताऱ्याला मात्र दोनच: वरची, आणि २०७५०१^२ − २०७५००^२.